निवडून देणाऱ्यालाच परत बोलावू द्या

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

विषय : शहरांतील निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना देण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,



राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मुंबईत आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर या शहरांत तर २०२० पासून प्रशासक कारभार पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, तेव्हा कुठे या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. इतक्या प्रतीक्षेनंतर शहरी मतदाराला पुन्हा हक्काचा नगरसेवक मिळाला, याचे समाधान आहेच. मात्र बोटाला शाई लागली त्याच दिवशी या मतदाराचा अधिकार पुढच्या पाच वर्षांपुरता संपला. काही प्रभागांत उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्या जागांसाठी तर मतदाराला मतच देता आले नाही. मधल्या पाच वर्षांत काय करायचे, हे कायदा त्याला सांगत नाही. हे पत्र त्या पाच वर्षांबद्दल आहे.

आज नगरसेवकाचे पद कशाकशाने जाते ते पाहावे. जातवैधता प्रमाणपत्र रद्द झाले तर जाते. अनधिकृत बांधकाम केल्याचे सिद्ध झाले तर जाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर जाते. पक्षांतरबंदीच्या कचाट्यात सापडला तर जाते. या तरतुदी आपणच किंवा आपल्या पूर्वसुरींनी केल्या आणि त्यांमागे विचार होता. पण निवडून आल्यावर संपर्क कार्यालयाचे शटर वर गेलेच नाही, नालेसफाईची बिले निघाली आणि पहिल्या पावसात तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी शिरले, क्रीडांगणासाठी आरक्षित जागा हातची गेली आणि सभागृहात त्यावर एक शब्द निघाला नाही, तर पद जात नाही. ज्या कारणांनी मतदार खरोखर संतापतो, त्यांतले एकही कारण कायद्याच्या यादीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खटकणारी आहे. परत बोलावण्याची कल्पना महाराष्ट्राच्या कायद्याला अनोळखी मुळीच नाही. नगरसेवकांच्या हाती ती आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर शासनाने आयुक्ताला परत बोलावून घ्यावे, अशी तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे. ती नुसती कागदावरही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव प्रचंड बहुमताने केला. शासनाने तेव्हा त्यांना पदावर ठेवले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, हा इथला मुद्दा नाही. नगरसेवकांना आयुक्त नकोसा झाला तर ते तसे मतदानाने सांगू शकतात. मतदाराला नगरसेवक नकोसा झाला तर त्याला ही सोय नाही.

गावाकडे परिस्थिती जरा बरी आहे. २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवड सुरू झाली, तेव्हा आपण एक चांगले कलम जोडले : थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव केला, तरी तो विशेष ग्रामसभेपुढे मतदानाला टाकावा लागतो. शेवटचा शब्द गावाचा. थेट निवड २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. नगराध्यक्षही थेट मतदाराच्या मताने निवडला जातो. पण त्याला हटवण्याची वाट नगरसेवकांच्या सह्यांपासून सुरू होते आणि शहरातल्या मतदाराच्या दारावरून ती जात नाही. गावातल्या माणसावर जो विश्वास आपण टाकला, तो शहरातल्या माणसावर का टाकला नाही, याचे उत्तर आपण द्यायला हवे.

शहरातला मतदार असे मतदान नीट करू शकेल का, ही शंका असेल, तर तिचे उत्तरही राज्यातच आहे. ‘आडवी बाटली’ आपल्याला ठाऊक आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी अर्ज केला, तर दारूचे दुकान बंद करायचे की नाही यावर मतदान घ्यावे लागते. उत्पादन शुल्क विभागाचे लोक यादी हातात घेऊन सह्यांची पडताळणी करतात. मतपत्रिकेवर दोनच चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. कपाळावर पदर, हातात मतदार ओळखपत्र, कडेवर मूल अशा रांगा या मतदानाला लागलेल्या आहेत. दुकानदाराची माणसे समोर उभी असतानाही बायकांनी मते दिली आहेत. सह्या, पडताळणी, गुप्त मतदान, निकाल ही सगळी यंत्रणा आपल्याकडे आहे. वॉर्डातले परवानाधारक दुकान या यंत्रणेने हटवता येते, वॉर्डातला नगरसेवक हटवता येत नाही.

ही मागणी बाहेरून आयात केलेलीही नाही. हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी १९२५ च्या जाहीरनाम्यात स्वतंत्र भारतातल्या मतदाराला हा हक्क असावा असे लिहून ठेवले होते. जयप्रकाश नारायण १९७४ च्या आंदोलनात त्याबद्दल बोलत राहिले. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ मध्ये तो पुन्हा ऐरणीवर आणला. ही मंडळी संसदेबद्दल आणि विधिमंडळांबद्दल बोलत होती. शहरांसाठी तो प्रत्यक्षात आणण्याचे काम मात्र इतर राज्यांनी आपल्याआधी केले.

मध्य प्रदेशात २००१ मध्ये अनूपपूर या लहानशा गावच्या नगरपालिकेत अध्यक्षांना मतदारांनी घरी पाठवले. देशातली ही पहिलीच घटना. तिथली मतपत्रिका पाहण्यासारखी असते : एका चित्रात खुर्चीवर बसलेला माणूस, दुसऱ्यात नुसती खुर्ची. ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’. अक्षर न येणाऱ्या मतदारालाही प्रश्न कळतो. छत्तीसगडने हीच पद्धत ठेवली आणि २००८ मध्ये गुंडरदेही, राजपूर आणि नवागढ या तीन नगर पंचायतींच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. राजस्थानात डिसेंबर २०१२ मध्ये बारां जिल्ह्यातल्या मांगरोळ इथे मतदान झाले आणि तिथे मतदारांनी अध्यक्षांना ठेवून घेतले. हाही निकाल तितकाच मोलाचा. हटवण्याचे मतदान म्हणजे हटवणेच असते असे नाही, हे मांगरोळने दाखवले.

पण या तीनही राज्यांच्या कायद्यात एक खोट आहे आणि ती महाराष्ट्राने उचलू नये. मतदान लोक करतात, पण ते घ्यायचे की नाही हे ठरवतात नगरसेवक. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी सह्या केल्याशिवाय जिल्हाधिकारी पुढचे पाऊल टाकत नाही. त्यामुळे या मतदानाची सुरुवात अनेकदा अध्यक्ष आणि नगरसेवक यांच्यातल्या भांडणातून होते. ठेका कोणाला, टक्का कोणाला, यावरून बिनसले की खाली खुर्ची आठवते. लोकांचे हाल होत असले आणि अध्यक्ष-नगरसेवकांचे गुळपीठ असले, तर खुर्ची भरलेलीच राहते. शिवाय या कायद्यांत नगरसेवक स्वतः सापडत नाही. फक्त अध्यक्ष सापडतो. बिहारच्या २००७ च्या नगरपालिका कायद्याने नगरसेवकालाही कक्षेत आणले, हे धाडसाचे होते. पण वॉर्डातल्या दोन तृतीयांश मतदारांच्या सह्यांची अट घातली. ज्या वॉर्डात निम्मे लोक मतदानाला येत नाहीत, तिथे दोन तृतीयांश सह्या कोण आणि कशा गोळा करणार?

नगरसेवकांनी हटवले काय आणि मतदारांनी हटवले काय, एकच, असा युक्तिवाद आपल्यासमोर येईल. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये रायबरेलीच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला नगरसेवकांनी हटवणे वैध ठरवले होते. निवडून येणे किंवा पदावर राहणे हा मूलभूत हक्क नाही, कायदा ठरवील तसे ते चालेल, हा त्याचा आधार. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा की कायदा बदलण्याची मुभा पूर्णपणे आपल्या हाती आहे. घटनादुरुस्ती नको, दिल्लीची परवानगी नको.

मतदाराच्या सहीपासून सुरुवात झाली तर काय होते, हे इतर देशांत दिसते. लॉस एंजलिस शहराने जॉन रँडॉल्फ हेन्स या डॉक्टरच्या पुढाकाराने १९०३ मध्ये आपल्या सनदेत ही तरतूद घातली. दुसऱ्याच वर्षी डेव्हनपोर्ट नावाच्या नगरसेवकाला तिथल्या मतदारांनी हटवले. शहराच्या छपाईचे काम स्वस्त निविदा डावलून महागड्या निविदेला देण्यात त्याचे मत पडले होते. निविदा, दर आणि मर्जीतला ठेकेदार : एकशेवीस वर्षांपूर्वीचे हे प्रकरण आपल्या कोणत्याही स्थायी समितीत काल घडल्यासारखे वाटते.

त्याच परिसरातल्या बेल या गावाची गोष्ट अधिक बोलकी आहे. चाळीस हजारांहून कमी वस्तीचे, कष्टकऱ्यांचे गाव. २०१० च्या जुलैत वर्तमानपत्राने उघड केले की गावाच्या मुख्य प्रशासकाचा वार्षिक पगार आठ लाख डॉलरच्या घरात आहे आणि अर्धवेळ काम करणारे नगरसेवक सुमारे लाख लाख डॉलर घेत आहेत. रहिवासी सभागृहात जमले, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. मार्च २०११ मध्ये मतदान झाले आणि महापौरासह पदावर उरलेले दोषी नगरसेवक प्रचंड बहुमताने बाहेर गेले. फौजदारी खटले पुढे वर्षानुवर्षे चालले. गावाने मात्र आपले सभागृह आठ महिन्यांत परत मिळवले. आपल्याकडे चौकशी समितीचा अहवाल यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तैवानच्या काओश्युंग शहराने तर महापौरालाच हटवले. हान कुओ-यू हे २०१८ मध्ये ८,९२,५४५ मते मिळवून निवडून आले आणि थोड्याच महिन्यांत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. शहर वाऱ्यावर सोडल्याचा राग लोकांनी मनात धरला. ६ जून २०२० रोजी त्यांना हटवण्याच्या बाजूने ९,३९,०९० मते पडली. निवडून देताना त्यांना जितकी मते पडली, त्याहून जास्त मते त्यांना परत बोलावण्यासाठी पडली. महापालिकेची खुर्ची ही विधानसभेच्या तिकिटाची पायरी मानणाऱ्यांनी ही दोन आकड्यांची तुलना लक्षात ठेवावी.

या अधिकाराचे धोके आहेत आणि ते लपवून मागणी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेरू देशात नगरप्रमुखांना हटवण्यासाठी इतकी मतदाने झाली की निवडणूक हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून सह्यांच्या मागे लागू लागला. लिमा शहराच्या महापौर सुसाना विल्यारान मार्च २०१३ च्या मतदानात थोडक्यात वाचल्या, पण त्यांच्या गटाचे बहुतेक नगरसेवक गेले. सॅन फ्रान्सिस्कोत १९८३ मध्ये महापौर डायन फाइनस्टाइन यांच्यावर बंदूकबंदीच्या रागातून असे मतदान लादले गेले. त्यांनी सुमारे ८१ टक्के मते मिळवून ते उधळून लावले. त्याच शहरात सप्टेंबर २०२५ मध्ये जोएल एंगार्डिओ या नगरसेवकाला मात्र पद गमवावे लागले. समुद्रकाठचा रस्ता वाहनांना बंद करून तिथे उद्यान करण्याला त्याने पाठिंबा दिला होता. संपूर्ण शहराने मतदानाने तो निर्णय मान्य केला होता, पण त्याच्या स्वतःच्या प्रभागाला तो नको होता. एका रस्त्यासाठी माणूस घालवणे योग्य होते का? अनेकांना ते पटले नाही. तरी तो निर्णय त्याच्याच मतदारांनी, उघड प्रश्न विचारून, मतपेटीतून दिला, कोणा नेत्याच्या बंगल्यावर तो ठरला नाही.

आपल्याकडचा धोका आणखी वेगळा आहे. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, शिवाय अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गाच्या जागा आहेत. स्वतःच्या मनाने कारभार करू लागलेल्या महिला किंवा दलित सरपंचाला अविश्वासाच्या ठरावाने खाली खेचण्याचे प्रकार ग्रामीण महाराष्ट्राने पाहिले आहेत. नवा अधिकार असे खाली खेचणाऱ्यांच्या हाती पडू नये, हे आपण पाहायलाच हवे. म्हणूनच तो मूठभर सदस्यांच्या हाती न देता संपूर्ण प्रभागाच्या गुप्त मतदानाला बांधणे गरजेचे आहे. काही जणांना फोडणे सोपे असते, पंचवीस हजार मतदारांना फोडणे तितके सोपे नसते.

आता मागणे स्पष्ट मांडतो.

सुरुवात मतदाराच्या अर्जाने व्हावी आणि सह्यांचे प्रमाण प्रभागातल्या मतदारांच्या एक चतुर्थांश असावे. दारूबंदीच्या मतदानासाठी आपणच हे प्रमाण योग्य मानले आहे. कॅलिफोर्नियात लाखाहून अधिक मतदारांच्या शहरात दहा टक्के सह्या पुरतात. आपल्याला तितके सैल करायची गरज नाही. पदाचे पहिले आणि शेवटचे वर्ष वगळावे, आणि एका मुदतीत असे मतदान एकदाच व्हावे.

अर्जावर कारण लिहिलेले असावे. कॅलिफोर्नियात तक्रारदारांना दोनशे शब्दांत कारण मांडावे लागते, लोकप्रतिनिधीला सात दिवसांत तितक्याच शब्दांत उत्तर देता येते, आणि दोन्ही मजकूर सह्यांच्या कागदावर छापले जातात. सही करणारा दोन्ही बाजू वाचून सही करतो. ही रीत जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. त्याचबरोबर सह्यांची यादी गुप्त राहिली पाहिजे, जशी ती तिथे राहते. आपल्या वस्त्यांत नगरसेवकाविरुद्ध सही केलेल्या माणसाच्या पाण्याच्या नळाचे, टपरीच्या परवान्याचे, झोपडीच्या कागदाचे काय होऊ शकते, हे आपण सगळे जाणता. यादी निवडणूक आयोगाच्या कपाटाबाहेर गेली, तर हा कायदा पहिल्याच दिवशी मरेल.

निकालाचे सूत्र जपून ठरवावे. वॉर्सा शहरात २०१३ मध्ये महापौरांविरुद्ध मतदान झाले, तेव्हा किमान २९ टक्के मतदान लागणार होते. सत्ताधाऱ्यांनी समर्थकांना घरी बसण्याचे आवाहन केले, मतदान २६ टक्क्यांच्या आत अडकले आणि जवळपास सगळी मते महापौरांच्या विरोधात पडूनही निकाल रद्द झाला. आडव्या बाटलीच्या बाबतीतही हेच होते : गैरहजर राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. म्हणून मतदानाच्या टक्केवारीची अट नको. हटवण्याच्या बाजूची मते विरोधातल्या मतांपेक्षा जास्त असावीत आणि तो प्रतिनिधी जितक्या मतांनी निवडून आला होता त्या मतांच्या आकड्याहूनही जास्त असावीत. काओश्युंगने ही पातळी ओलांडून दाखवली आहे. बिनविरोध निवडून आलेल्याला असा आकडाच नसतो. त्याच्यासाठी एकूण मतदारांच्या एक चतुर्थांशाची अट घालता येईल.

हटवण्याचा प्रश्न आणि नवा प्रतिनिधी निवडण्याचा प्रश्न एकाच मतपत्रिकेवर कधीही येऊ नये. पोटनिवडणूक स्वतंत्र व्हावी, म्हणजे हरलेल्या उमेदवाराला सह्या गोळा करण्यात घाईचा फायदा दिसणार नाही.

राहिला चार सदस्यांच्या प्रभागाचा गुंता. मुंबई सोडून इतर महानगरपालिकांत एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडले जातात आणि खड्ड्याची तक्रार घेऊन जाणाऱ्याला चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे प्रत्येक जागेसाठी वेगळा अर्ज आणि वेगळे मतदान घेता येईल. पण सुरुवात मुंबईपासून करावी. तिथे २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एकच नगरसेवक आहे. शिवाय १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम स्वतंत्र असल्याने एकाच कायद्यात दुरुस्ती पुरते. दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन मग तो इतर शहरांत न्यावा.

खर्चाचा आणि अस्थिरतेचा आक्षेप येईल. ज्या राज्यात मोठी शहरे चार-पाच वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना चालली, तिथे एका प्रभागातल्या एका मतदानाने अस्थिरता येईल असे म्हणणे टिकणारे नाही. खर्चही एका प्रभागापुरताच असेल.

क्षेत्रसभांची तरतूद २००९ मध्ये आपण केली होती. नगरसेवकाने आपल्या मतदारांना वरचेवर एकत्र बोलवावे, कामांचा हिशेब द्यावा, हा तिचा हेतू होता. ती कागदावरून फारशी उतरली नाही, कारण सभा न घेणाऱ्याला मतदार काहीच करू शकत नव्हता. परत बोलावण्याचा अधिकार आला तर ती सभा घेण्याची गरज नगरसेवकालाच वाटू लागेल.

सन्माननीय सदस्यहो, आपल्यापैकी बऱ्याच जणांचे राजकारण वॉर्डातूनच सुरू झाले आहे. नगरसेवकाला मतदाराचा धाक असला तर काम कसे होते आणि नसला तर कसे थांबते, हे आपल्याइतके कोणी जाणत नाही. शासन पुढाकार घेत नसेल, तर आपल्यापैकी कोणाही एका सदस्याला अशासकीय विधेयक मांडता येते. येत्या अधिवेशनात ते मांडा. कोणत्याही पक्षाचे असा, त्यावर बोला, दुरुस्त्या सुचवा, विरोध असेल तर तोही सभागृहाच्या कामकाजात नोंदवा, म्हणजे शहरातल्या मतदाराला आपली भूमिका कळेल.

आपला नम्र,
एक शहरी मतदार आणि मालमत्ता करदाता